झेंडू तोच, पातेलं तेच, मग पिवळा का बदलला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाकडच्या घरी, अंगणातल्या झेंडूने लोकरीच्या १०० ग्रॅमच्या आठ लड्या रंगवायच्या होत्या. उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा पहिल्या चार झाल्या, लख्ख सोनपिवळ्या. उरलेल्या चार राहून गेल्या आणि पाचेक आठवड्यांनी, शरदाचा गारवा आल्यावर, पातेल्यात पडल्या. कृती अगदी तीच: लोकरीच्या वजनाइतकी ताजी फुलं, १५ टक्के तुरटी, विहिरीचं पाणी, तासभर आच. या वेळी रंग आला मळकट, शेवाळी. एका लडीवर ठिपके उठले आणि एक लडी आटून तिची दोरी झाली. विचारणं असं की, पुढच्या वेळी काय वाढवलं म्हणजे पहिला रंग येईल? की उरलेलं रंगकाम सरळ पुढच्या उन्हाळ्यावर टाकावं?

वाढवायचं काही नाही, हे आधी सांगून टाकते. तुरटी वाढवली तर लोकर चिकट लागेल, फुलं वाढवली तर शेवाळी आणखी गडद होईल. आठही लड्या एकाच स्वेटरच्या आहेत, हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. खरी अडचण तिथे आहे. चार लड्यांचा स्वतंत्र रुमाल असता तर शेवाळी रंग कुणाला खटकला नसता, उलट छान म्हणाले असते. एकाच कपड्याची लोकर तुम्ही ऋतूच्या दोन टोकांना रंगवलीत, आणि कृती जशीच्या तशी ठेवली की रंगही तसाच येईल असं धरून चाललात. मधल्या पाच आठवड्यांत पाणी बदललं, फूल बदललं, आचेचं आणि वाळवण्याचं गणित बदललं. कागदावरची कृती तेवढी बदलली नाही.

मी वीसेक वर्षं घरीच रंगवते. जास्त करून लोकर, थोडं सूत. सुरुवातीच्या काळात माझ्याही एका स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा निराळी निघाली होती. रात्री दिव्याखाली विणत होते, तेव्हा काही कळलं नाही. अंगात घालून उन्हात गेल्यावर शेजारणीने विचारलं, बाही बदलली का म्हणून. त्यामुळे खाली लिहिते ते बरचसं अंगावर आल्यावर शिकलेलं आहे.

शेवाळी झाक दिसली की माझा पहिला संशय लोखंडावर. झेंडूचा पिवळा हा फ्लेवोनॉइड गटातल्या द्रव्यांचा रंग. त्यातलं मुख्य द्रव्य क्वेर्सेटाजेटिन. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमला धरून ते लोकरीवर बसलं की सोनेरी दिसतं, लोखंडाला धरून बसलं की शेवाळी. हिराकस (लोखंडाचा हिरवट क्षार, फेरस सल्फेट) घालून मुद्दाम शेवाळी रंग काढतात तो याच जोरावर. आणि त्याला लोखंड लागतं किती? १०० ग्रॅम लोकरीला १ ग्रॅम हिराकस पुरतं. म्हणजे पाण्यातून नाहीतर भांड्यातून थोडं जरी लोखंड उतरलं, तरी पिवळ्याचा चेहरा पडतो.

काही जण सांगतील की पाणी जड झालं म्हणून रंग मळला. मला ते पटत नाही. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, ते बहुधा थोडं अल्कधर्मी असतं, आणि अल्कधर्मी पाण्यात हा पिवळा मळत नाही, उलट नारिंगीकडे झुकतो. जड पाण्याचा त्रास वेगळा. तुरटीतला थोडा भाग त्यात पांढरट गाळ होऊन खाली बसतो, तेवढी तुरटी लोकरीला मिळत नाही, आणि रंग फिका येतो. फिका वेगळा, मळका वेगळा. तुमच्या वर्णनावरून तुमचा मळका आहे.

आता लोखंड आलं कुठून? इथे तुमच्या जागेवर बरंच अवलंबून आहे. उन्हाळा आणि शरद यांच्या मध्ये तुमच्याकडे पाऊस पडतो की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाऊस पडत असेल तर विहिरीत नवं पाणी आलं असेल, सोबत मातीही. पडत नसेल तर पाणी तळाला गेलं असेल आणि तुम्ही तळचं पाणी उपसत असाल. दोन्हीकडे पाच आठवड्यांपूर्वीचं पाणी आणि आजचं पाणी एक नाही. भूगर्भातल्या पाण्यातलं लोखंड फसवं असतं. पाणी काढताना ते काचेसारखं नितळ दिसतं. हवा लागून तास-दोन तास गेले की मग ते तांबूस होतं आणि बादलीच्या तळाला गंजाचा पातळ थर धरतं. तुमची पांढरी बादली असेल तर आतून बोट फिरवून बघा.

पण अंदाजावर थांबू नका, तपासून घ्या. सगळ्यात चांगला तपासनीस तुमच्याकडेच आहे: पहिल्या खेपेची सोनेरी लोकर. त्या लडीतून हातभर धागा कापा आणि त्याचे चार तुकडे करा. एक तुकडा काचेच्या बरणीत बॅटरीसाठी मिळतं त्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवा. दुसरा तशाच बरणीत तुमच्या विहिरीच्या पाण्यात. दोन्ही बरण्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून अर्धा तास तापवा. मग तुमचं रंगाचं पातेलं घासून त्यात डिस्टिल्ड पाणी घ्या, तिसरा तुकडा त्यात तेवढाच वेळ तापवा. चौथा कोरडाच ठेवा, ताडून बघायला. ओले तुकडे सावलीत वाळवा आणि चारही पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी मांडा. दुसरा मळला तर दोष विहिरीचा. तिसरा मळला तर पातेल्याचा. दोन्ही मळले तर दोघांचा. एकही मळला नाही तर पाणी आणि पातेलं सुटलं, मग फुलाकडे वळू.

पातेल्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या एनॅमलच्या पातेल्याला आतून, तळाच्या कडेशी, गव्हाच्या दाण्याएवढा टवका उडाला होता. त्यातून दिसणारं लोखंड काळं, गुळगुळीत, आणि मला वाटलं निरुपद्रवी. उन्हाळाभर ते निरुपद्रवीच राहिलं, कारण भांडं धुतलं की उन्हात तासाभरात खडखडीत वाळायचं. हवा गार आणि दमट झाली तशी पातेलं पालथं घालूनही दोन-दोन दिवस आत ओल राहू लागली. एका सकाळी उचललं तर त्या टवक्यातून बोटभर लांबीचा तपकिरी ओघळ आलेला. तेही धुऊन वापरलं. तीन लड्यांपैकी जी टवक्याच्या बाजूला पडली होती ती सगळ्यात काळवंडली, आणि जिथे तळाला टेकली तिथे नखाएवढे करडे ठिपके. तुमच्या ठिपक्यांबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तो टवकाच आठवला. टवका गेलेलं भांडं टाकू नका, मुद्दाम शेवाळी आणि करड्या रंगांसाठी बाजूला ठेवा. पिवळ्या-लालासाठी चांगलं स्टेनलेस स्टील. आणि रंगाची भांडी स्वयंपाकात परत आणायची नाहीत, हे वेगळं सांगायला नकोच.

विहिरीचा दोष निघाला तर उपाय सोपा आहे. पाणी आदल्या संध्याकाळी काढा, उंचावरून एका बादलीतून दुसरीत पाच-सहा वेळा ओता म्हणजे त्यात हवा मिसळेल, आणि रात्रभर उघडं ठेवा. बरंचसं लोखंड गंज होऊन तळाला बसतं. सकाळी तळ न ढवळता वरचं पाणी दाट कापडातून गाळून घ्या. पावसाचं पाणी साठवता येत असेल तर त्याहून चांगलं, फक्त ते पत्र्यावरून आलेलं नको.

आता फूल. "लोकरीच्या वजनाइतकी ताजी फुलं" हे माप मला कधीच आवडलं नाही. ताज्या फुलात पाच भागांतले चार भाग तरी पाणीच असतं, आणि ते पाणी रोज बदलतं. दुपारी तोडलेलं फूल आणि दव पडल्यावर सकाळी तोडलेलं फूल काट्यावर सारखं भरलं, तरी रंग सारखा भरत नाही. गारव्याच्या दिवसांत तुम्ही रंगाऐवजी दव मोजून पातेल्यात घालता.

शिवाय फूल स्वतः बदलतं. दोन्ही खेपांची फुलं आता समोर नाहीत, पण झाडावर आज जे आहे ते एक खुडा आणि मधोमध उभं फाडा. खाली हिरवा पेला असतो, त्यात पाकळ्यांचे पांढरे देठ आणि काळपट, काडीसारखं बी. भर उन्हाळ्यातलं फूल मोठं, पाकळ्या गच्च, पेला त्या मानाने लहान. हंगाम सरत आला की फूल लहान होतं, पाकळ्या विरळ, पेला मात्र तेवढाच. म्हणजे १०० ग्रॅम फुलांमधला पाकळ्यांचा वाटा घटला आणि हिरव्या भागाचा वाढला. तो हिरवा भागही रंग देतो, पण जरा मळका, हिरवटाकडे जाणारा. तुमच्या शेवाळीत त्याचा थोडा हात असेलच. सगळा मात्र नसेल. नुसत्या हिरव्या पेल्याने रंग इतका उतरत नाही.

एक गंमत सांगते. पाकळीत डोळ्याला दिसतो तो केशरी रंग मुख्यतः ल्युटिनसारख्या कॅरोटिनॉइडांचा, आणि ती पाण्यात विरघळत नाहीत. लोकरीवर चढतो तो वेगळाच, पाण्यात उतरणारा पिवळा, जो फुलात आपल्याला नीट दिसतही नाही. म्हणून गडद केशरी फुलं निवडून घेतली की लोकर केशरी होईल, असं होत नाही. नवशिक्यांचे निम्मे तास या निवडानिवडीत जातात.

मी काय करते? हंगाम सुरू झाला की दर दोन-तीन दिवसांनी उमललेली फुलं तोडते, दुपारी, दव उडून गेल्यावर. पाकळ्या ओढून काढते, पेला टाकून देते, पाकळ्या सावलीत कापडावर पसरते. कुरकुरीत झाल्या की कागदी पिशवीत. पहिला तोडा, मधला तोडा, शेवटचा तोडा, सगळा त्याच पिशवीत, दर वेळी पिशवी हलवून. झाडं थकली की ती पिशवी उघडते आणि एका दिवसात सगळं रंगवते. माप सुक्या पाकळ्यांचं: १०० ग्रॅम लोकरीला ५० ते ६० ग्रॅम. फिका हवा तर ३०. सुकवल्याने झेंडूचा रंग जात नाही, आणि सुक्या मालाचं वजन दवाने फुगत नाही. ताज्याची हौस असेल तर मग निदान एका कपड्याची सगळी लोकर एकाच दिवशी, एकाच तोड्यात. मोठं पातेलं नसेल तर रंगाचं पाणी एकदाच काढा, सगळं एकत्र ढवळा, आणि मग मोजून दोन पातेल्यांत वाटा.

तुरटीचंही तेच. चार लड्यांना उन्हाळ्यात तुरटी दिली आणि चारांना आता, असं न करता आठही लड्यांना एकदमच द्यायला हवी होती. तुरटी दिलेली लोकर स्वच्छ वाळवून कापडी पिशवीत ठेवली तर महिनोन्महिने टिकते. पाच आठवडे म्हणजे काहीच नाही. माझं माप तुमच्यासारखंच, कोरड्या लोकरीच्या १५ टक्के तुरटी, आणि जोडीला ६ टक्के क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पूड). म्हणजे आठ लड्यांना, ८०० ग्रॅमला, १२० ग्रॅम तुरटी आणि ४८ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर. दोन्ही वेगवेगळ्या वाटीत कढत पाण्यात पूर्ण विरघळवून मग पातेल्यात. विरघळायच्या आधी लोकर टाकली की जिथे खडा टेकेल तिथे डाग येतो. त्याआधी लोकर सौम्य साबणाने धुतलेली, आणि रात्रभर नाहीतर निदान दोन तास पाण्यात भिजलेली. पातेलं पाऊण-एक तासात हळूहळू ८० ते ८५ अंशांवर न्यायचं, तासभर तिथेच ठेवायचं, आणि मग आच बंद करून लोकर त्याच पाण्यात गार होऊ द्यायची.

भिजवण्याचं मी मुद्दाम लिहिलं. लोकर पाणी पटकन पीत नाही. वरून ओली दिसते, पण घट्ट पिळाच्या धाग्यात आत कोरडी राहते, आणि तिथे तुरटी पोचत नाही. उन्हाळ्यात कोमट पाण्यात अर्ध्या तासात जे होतं त्याला गार पाण्यात कितीतरी जास्त वेळ लागतो. तुमचे ठिपके करडे असतील तर लोखंड, पण पांढुरके असतील तर अर्धवट भिजणं किंवा बांधणीच्या गाठी. लडी चार ठिकाणी बांधा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोरा घालून, आणि इतकी सैल की गाठीच्या आत बोट फिरेल. गर्दीनेही ठिपके येतात. १०० ग्रॅम लोकरीला तीन-चार लिटर पाणी पाहिजे, लड्या पाण्यात तरंगत वळल्या पाहिजेत. आणि फुलं पातेल्यात लोकरीसोबत सुटी टाकू नका. आधी तासभर मंद आचेवर रंग काढून पाणी गाळून घ्या.

दोरी झालेल्या लडीचं कारण मला जवळजवळ नक्की वाटतं, आणि ते ऋतूचंच आहे. तुम्ही लिहिलंय की लड्या पातेल्यातून काढून लगेच अंगणातल्या बादलीत खळबळल्या. उन्हाळ्यातही तसंच केलं होतं, तेव्हा काही झालं नाही. तेव्हा त्या बादलीतलं पाणी दिवसभर उन्हात तापून कोमट असणार. आता तीच बादली, संध्याकाळ, आणि गार पाणी. ८० अंशांवरची लोकर एकदम गार पाण्यात बुडाली आणि वर तुम्ही ती चोळली. लोकरीच्या धाग्यावर माशासारखे खवले असतात. गरम पाण्यात ते उघडतात, आणि हलवाहलव झाली की एकमेकांत अडकतात. एकदा अडकले की सुटत नाहीत. ती लडी आता परत मोकळी होणार नाही, तिचा विचार सोडा. पुढच्या वेळी लोकर पातेल्यातच हाताला सोसेल इतकी गार होऊ द्या. गारव्यात मी रात्रभर तशीच ठेवते, झाकणावर जुनी गोधडी टाकून, म्हणजे उष्णता हळूहळू उतरते. सकाळी काढलेला रंगही जरा भरल्यासारखा येतो.

वाळवणं हा शरदातला खरा छळ. सकाळी दव, दुपारी दोन-तीन तास बरं ऊन, चारनंतर परत ओल. लड्या रात्री बाहेर राहिल्या तर सकाळी होत्या त्याहून ओल्या. दोनदा-तीनदा असं झालं की कुबट वास धरतो, तो धुऊनही पटकन जात नाही. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग हवेशीर सावलीत टांगा, आणि उन्हं कलायच्या आत घरात घ्या.

आतापर्यंतचं एका दमात: आधी धाग्याच्या तुकड्यांनी पाणी आणि पातेलं तपासा, फुलं सुकवून, एकत्र करून, सुक्या वजनावर मोजा, तुरटी सगळ्या लड्यांना एकाच दिवशी द्या, गरम लोकर गार पाण्यात घालू नका.

आता हातातल्या लड्यांचं काय? त्याआधी एक करा. आठही लड्या भर दुपारी, ऊन थेट पडत नाही अशा खिडकीशी नेऊन बघा, पांढऱ्या चादरीवर, मध्ये दुसरा कुठलाच रंग न ठेवता. तुम्ही संध्याकाळी बघितलंय, आणि सोनेरी ढिगाच्या शेजारी ठेवून बघितलंय. शेजारच्या रंगाने डोळा फसतो. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगकामाचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या लोकरीबद्दल तक्रार होती की विणल्यावर तिचा काळेपणा उतरतो. त्यांनी तपासलं तर काळा रंग ठीकच होता. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्यामुळे तो मरगळलेला दिसत होता. तुमच्या लड्यांमधला फरक खरा आहे यात मला शंका नाही, पण तो तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा निघाला तर नवल नाही.

फरक थोडा निघाला तर काहीच रंगवू नका. दोन ओळी सोनेरी लडीच्या, दोन ओळी शेवाळी लडीच्या, असं आलटून पालटून विणा. कापड झाल्यावर डोळा दोन्ही मिसळून घेतो. आटलेल्या लडीची लोकर यात धरू नका, म्हणजे सातच लड्यांत भागतंय का ते आधी बघा.

फरक ठळक निघाला तर एकच वाट सोपी आहे. मळलेल्या लड्या सोनेरी करता येत नाहीत. लोकरीत बसलेलं लोखंड काढायला जी तीव्र द्रव्यं लागतात त्यांनी लोकरही जाते, त्यापेक्षा नवी लोकर बरी. सोनेरी लड्या मात्र शेवाळी करता येतात. मन मानणार नाही हे मला माहीत आहे, चांगल्या लड्या खराब केल्यासारखं वाटतं. पण आठवड्याने, ताडून बघायला दुसरं काही नसताना, तो शेवाळी रंगच आवडू लागतो.

चार सोनेरी लड्यांना, ४०० ग्रॅमला, ४ ग्रॅम हिराकस काढा, पण सगळं एकदम वापरू नका. ते अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून ठेवा. पातेल्यात १४-१५ लिटर स्वच्छ पाणी साधारण ५० अंशांवर आणा, त्यात निम्मं द्रावण घालून नीट ढवळा आणि मगच भिजवलेल्या चारही लड्या एकदम सोडा. सतत वळवत राहा. रंग पाच मिनिटांत सरकू लागतो, डोळ्यांदेखत. दहा मिनिटांनी एका लडीचं टोक पिळून शेवाळी लडीच्या ओल्या केलेल्या टोकाशी धरा. ओलं ओल्याशीच ताडायचं, कारण ओली लोकर नेहमी गडद दिसते. कमी वाटलं तर लड्या बाहेर काढा, उरलेल्यातलं थोडं घाला, ढवळा, परत सोडा. लड्या आत असताना वरून ओतलंत तर जिथे धार पडेल तिथे कायमचा काळा पट्टा. आणि हवा त्या रंगाच्या किंचित अलीकडे थांबा, कारण बाहेर काढल्यावरही हवेने तो जरासा गडद होतो. हिराकस जास्त झालं तर लोकर खरखरीत होते आणि काही वर्षांनी तुटू लागते, म्हणून १ टक्क्याच्या वर मी जात नाही.

राहिला प्रश्न पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचा. थांबू नका, फक्त पिवळ्याचा हट्ट या ऋतूत धरू नका. शरदात मिळणाऱ्या काही गोष्टी उन्हाळ्यात मिळतच नाहीत. अक्रोडाचं झाड जवळपास असेल तर फळाची हिरवी साल याच दिवसांत पडते. तिला तुरटीही लागत नाही, तपकिरी रंग लोकरीला स्वतःच धरतो. हातमोजे मात्र घाला, नाहीतर बोटं आठवडाभर काळी. मंजिष्ठ लावलेली असेल आणि तिला तीन वर्षं झाली असतील तर पानं पिवळी पडल्यावर मुळं काढायची वेळ हीच. तुमचं पाणी जड असेल तर तिला ते आवडेल, कॅल्शियमने तिचा लाल खुलतो, फक्त ७० अंशांच्या वर नेऊ नका, तपकिरी व्हायला लागते. निळीचं झाड असेल तर गोठवणारी रात्र यायच्या आत पानं वापरून टाका. त्या एका रात्रीत झाड काळवंडतं. कांद्याची सालं वर्षभर साठवता येतात, तुरटीवर नारिंगी-सोनेरी देतात, आणि सुकीच असल्याने दवाचा प्रश्न नाही. उन्हात बरणी ठेवून रंगवण्याचा प्रकार मात्र आता सोडा. ऊन तिरपं झालं की पाणी पुरेसं तापत नाही आणि बरणी रंगायच्या आधी आंबते.

झाडावर अजून झेंडू असेल तर आजपासून पाकळ्या वाळवायला लागा, पेले काढून. ५० ग्रॅम सुक्या पाकळ्या जमल्या की एक लडी होते.

आणि धाग्याच्या तुकड्यांचा निकाल लागला की मला कळवा, दुसरा मळला की तिसरा. तोवर हिराकसचा डबा उघडू नका.